वाचकांचे प्रश्न : कार्यालयातील खाऱ्या पाण्याची टाकी आणि समुद्रपुष्प

प्रश्न : आमच्या छोट्या कार्यालयाच्या स्वागतकक्षात साठ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून तिच्यात क्लाउनफिशची जोडी आणि एक समुद्रपुष्प, म्हणजे दुकानदार ज्याला ॲनिमोनी म्हणतात ते, ठेवण्याचा विचार आहे. शनिवारी-रविवारी कार्यालय बंद असते आणि एसीही बंद ठेवला जातो. दुकानदाराच्या मते काहीच अडचण येणार नाही. आपण काय सुचवाल? — एक वाचक, ठाणे

उत्तर : टाकी जरूर ठेवा आणि क्लाउनफिशही ठेवा; समुद्रपुष्प मात्र पहिले वर्षभर आणू नका, आणि साठ लिटरच्या टाकीत तर मुळीच आणू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

समुद्रपुष्प दिसायला फुलासारखे असले, तरी तो प्रवाळाच्या नात्यातला प्राणी आहे. क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या जातींच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि ते प्रकाशाच्या साहाय्याने तयार करीत असलेल्या अन्नावर या प्राण्याचा बराचसा निर्वाह होतो. म्हणून त्याला रोज आठ-दहा तास प्रखर प्रकाश लागतो आणि पाण्याची स्थिती दिवसेंदिवस न बदलणारी लागते. बाजारात सर्वाधिक मिळणारी ‘बबल टिप’ जात पसरून सुमारे 30 सेंटिमीटर व्यासाची होते, तर ‘कार्पेट’ म्हणून विकली जाणारी जात अर्ध्या मीटरच्याही पुढे जाते. साठ लिटरच्या टाकीची लांबीच साधारण 60 सेंटिमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे अडचण कळते. शिवाय हा प्राणी एका जागी बसून राहत नाही. प्रकाश किंवा प्रवाह मानवला नाही, तर तो आपल्या पायावर सरकत दुसरी जागा शोधतो आणि त्या फिरतीत पंपाच्या तोंडाशी ओढला जाऊन फाटतो. असे शुक्रवारी रात्री घडले, तर त्याच्या कुजणाऱ्या शरीरामुळे लहान टाकीतले सगळे पाणी बिघडते आणि सोमवारी सकाळी मासेही मेलेले आढळतात.

समुद्रपुष्पाशिवाय क्लाउनफिश दुःखी राहील, असे अनेकांना वाटते. समुद्रात त्याला शिकारी माशांपासून संरक्षण हवे असते. टाकीत शिकारीच नसतो, त्यामुळे तो समुद्रपुष्पावाचूनही उत्तम जगतो, अंडी घालतो आणि पिल्लेही वाढवता येतात. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची बंदिस्त पैदास यशस्वी केली आहे. समुद्रातून पकडलेल्या माशांऐवजी असे पैदास केलेले मासेच मागून घ्यावेत. ते टाकीच्या जीवनाला सरावलेले असतात आणि प्रवाळखडकांवरचा भारही कमी होतो.

आता बंद कार्यालयाविषयी, कारण खरा प्रश्न तोच आहे. पाण्याचे तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअस आणि क्षारता दर लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास स्थिर राहिली पाहिजे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत एसी बंद असलेल्या खोलीत टाकीचे पाणी सहज तिशीच्या पुढे जाते, आणि सोमवारी एसी सुरू होताच ते खाली येते. ही दर आठवड्याची चढउतार एकाच उन्हाळ्यात समुद्रपुष्पाला पांढरे पाडू शकते. क्षारतेचेही तसेच आहे. बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, मीठ मागे राहते. पन्नास लिटर पाण्यातून दोन लिटर उडाले, तर क्षारता 35 वरून साडेछत्तीसवर पोहोचते. ही तूट आरओचे गोडे पाणी घालून भरायची असते, खारे पाणी घालून नव्हे. आणि ते आपोआप भरणारी पातळी-नियंत्रक यंत्रणा सुटीच्या दिवसांसाठी आवश्यकच समजावी. छोटा पंखा पाण्यावर सोडला, तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, पण बाष्पीभवन वाढते. उन्हाळ्यासाठी चिलर, म्हणजे टाकीचे पाणी थंड करणारे यंत्र, हाच खात्रीचा उपाय आहे, आणि तो परवडत नसेल तर समुद्रपुष्पाचा विचार सोडून द्यावा.

आणखी एक धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शुक्रवारी शेवटी निघणारी व्यक्ती वीज वाचवण्याच्या चांगल्या हेतूने मुख्य स्विच बंद करते. टाकीसाठी स्वतंत्र जोडणी घ्या, तिच्यावर ठळक सूचना लावा आणि वीज गेल्यास चालणारा बॅटरीवरील हवेचा पंप ठेवा. सफाई करणाऱ्यांना टाकीजवळ काच पुसण्याचा स्प्रे, डासांचा फवारा किंवा सुगंधी फवारा मारू नये, हे प्रत्यक्ष समजावून सांगा. माशांना खायला घालण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे आणि तिच्या रजेत कोण येणार, हे आधी ठरलेले असावे. दहा जणांनी कौतुकाने टाकलेले दहा घास पाणी नासवतात.

हे सगळे सांगण्यामागे या प्राण्याच्या आयुर्मानाचा विचार आहे. स्कॉटलंडमधील निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलियेल यांनी 1828 मध्ये किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प काचेच्या बरणीत 1887 पर्यंत जगले आणि या काळात एका सांभाळणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात राहिले. ती जात शैवालावर अवलंबून नसलेली, थंड पाण्यातली होती, त्यामुळे नियमित बदललेले समुद्राचे पाणी आणि थोडे अन्न तिला पुरले. तुमच्या समुद्रपुष्पाच्या गरजा याहून अधिक आहेत, तेव्हा कार्यालयाची जागा बदलली किंवा टाकी सांभाळणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली, तर ते कोणाच्या घरी जाईल, याचे उत्तर खरेदीच्या आधी तयार असले पाहिजे.

टाकी घेताना शक्य तर दीडशे लिटरची घ्या; पाणी, वाळू, खडक आणि काच मिळून तिचे वजन दोनशे किलोपर्यंत जाऊ शकते, म्हणून साध्या टेबलाऐवजी मजबूत स्टँड हवा. नव्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी असलेली द्रव्ये शून्यावर येईपर्यंत चार ते सहा आठवडे मासा सोडू नका. वर्षभर सुट्यांसह, उन्हाळ्यासह आकडे स्थिर राहिले, तर एक बबल टिप आणा आणि पंपाच्या तोंडाला त्याआधीच स्पंज किंवा जाळी बसवा.

प्रश्न : आमच्या दवाखान्यातल्या टाकीतील समुद्रपुष्प कधीकधी सुरकुतून लहानसे होते. ते मेले, असे कधी समजावे? त्याचा रंगही पांढराशुभ्र झाला आहे, तो मात्र फार सुंदर दिसतो. — एक वाचिका, पुणे

उत्तर : मधूनमधून आक्रसणे स्वाभाविक आहे, शरीरातील पाणी आणि टाकाऊ पदार्थ बाहेर टाकून ते काही तासांत पुन्हा फुलते. तोंड सतत उघडे राहिले, पाय कशालाही धरेनासा झाला, शरीर विरघळू लागले आणि कुजका वास आला, तर मात्र हातमोजे घालून ते तत्काळ बाहेर काढा आणि बरेचसे पाणी बदला.

पांढऱ्या रंगाची मला अधिक काळजी वाटते. ते सौंदर्य नसून उपासमार आहे, कारण त्याने आपले शैवाल गमावले आहे. तापमान तपासा, प्रकाश एकदम न वाढवता हळूहळू वाढवा आणि आठवड्यातून दोनदा वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा द्या. तपकिरी छटा परतू लागली, की ते सावरत आहे असे समजावे. त्याला कित्येक महिने लागू शकतात. माशांच्या रोगावरील तांबेयुक्त औषध या टाकीत कधीही घालू नका, ते समुद्रपुष्पाला मारक ठरते.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या खडकातून समुद्रपुष्प आणि समुद्राचे पाणी आणले तर चालेल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कृपया आणू नका. खडकावरून ओढताना त्याचा पाय फाटतो आणि असा प्राणी सहसा जगत नाही. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असते, पावसाळ्यात त्याची क्षारताही घटते; त्याऐवजी आरओच्या पाण्यात मत्स्यालयासाठीचे सागरी मीठ विरघळवावे. प्रवाळाचा तुकडा तर खडक समजूनही उचलू नये, कारण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. समुद्रपुष्प पाहायचे असेल, तर मोठ्या ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांपाशी जा आणि त्याला हात न लावता शांतपणे पाहा.