ध्यानात निळा उजेड दिसतो, म्हणजे मी कोणत्या पायरीवर आहे?

सहा महिने रोज अर्धा तास बसता, मिटल्या डोळ्यांपुढे निळसर उजेड येतो, तर ही धारणा, ध्यान की समाधी, असं तुम्ही विचारलंय. उजेडावरून पायरी ठरत नाही. लक्ष किती वेळा तुटतं, यावरून ठरते.

पतंजलींच्या योगसूत्रांत योगाची आठ अंगं आहेत. त्यांपैकी यम ते प्रत्याहार ही पाच दुसऱ्या पादात, म्हणजे प्रकरणात येतात. उरलेली तीन तिसऱ्या पादाच्या पहिल्या तीन सूत्रांत, लागोपाठ. चित्त एका जागी बांधणं ही धारणा. ती जागा नाभी, हृदय, नाकाचा शेंडा, जिभेचं टोक अशी कुठलीही चालते, असं व्यासभाष्य, म्हणजे या सूत्रांवरची जुनी टीका सांगते. तिथे एकच वृत्ती, म्हणजे मनातला एकच विचार, सलग वाहू लागली की ते ध्यान. आणि ज्याचं ध्यान करतो ते तेवढं उरून ‘मी ध्यान करतोय’ ही जाणीवही जणू मावळली, की समाधी.

मी यावल तालुक्यातला, केळी लावतो. मला यातला फरक ठिबकच्या नळीजवळ उमगला. थेंब पडतो, थांबतो, त्याच जागी पुन्हा पडतो. जागा एकच, पण मध्ये खंड आहे. ही धारणा. ध्यानाला जुने लोक तेलाच्या धारेची उपमा देतात, तिला खंड नसतो. माझी पहिली चार वर्षं थेंबातच गेली. रात्रपाळीच्या लाईटवर पाणी भरून पहाटे बसायचो आणि डुलकी लागली की तिलाच शांतता समजायचो. शिकवणाऱ्या काकांनी एकच विचारलं, “मध्ये कुठं होतास, सांगता येतं का?” येत नव्हतं. ती झोप होती.

म्हणून मिनिटं मोजू नका. श्वासावर बसा, मन सुटलं हे कळलं की न चिडता परत आणा. उजेड आला तरी तसंच करा. त्याच्या मागे गेलात तर श्वास सुटला, म्हणजे धारणाही गेली.

आमच्याकडे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे. योगबळावर चौदाशे वर्षं जगले, वाघावर बसून आले, अशी त्यांची कथा. पण ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायना सुचेना, कागद कोराच पाठवला. उत्तरात पासष्ट ओव्या आल्या, आणि पुढे वयाने एवढ्याशा मुक्ताबाईला त्यांनी गुरू केलं. सिद्धी, म्हणजे योगाने येणाऱ्या अशा शक्ती, समाधीत अडथळाच ठरतात, असं पतंजलींचंही सूत्र आहे. संगमावर गेलो की मला ते आठवतं. तुमचा उजेड तर सिद्धीही नाही, वाटेत दिसलेली गोष्ट आहे.

सहा महिने फार थोडे आहेत. दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने केलेला अभ्यासच पक्का होतो, असं पहिल्याच पादात सांगितलंय. रोजची वेळ मोडू नका. आमच्याकडे मे महिन्यात खोली तापते, तेव्हा मी उजाडायच्या आत गच्चीवर बसतो.

आणि हा उजेड डोळे उघडल्यावरही दिसत असेल किंवा सोबत डोकं दुखत असेल, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.