अहिराणी गाणी आणि जुने फोटो वर्गवार लावायला लोकांचे टॅग बरे की ऑन्टॉलॉजी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, गावोगावची अहिराणी गाणी, जुने फोटो आणि म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती ऑनलाइन ठेवायच्या आहेत; तर लोकांना मनाला येईल तो टॅग लावू द्यावा, की आधी रीतसर ऑन्टॉलॉजी, म्हणजे गोष्टी आणि त्यांची आपसातली नाती यंत्राला कळतील अशी मांडणारी रचना, बांधावी? मी जळगावकडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, त्यामुळे स्पष्टच सांगतो. टॅग मोकळे सोडा. बांधीव रचना फक्त गाव, काळ आणि व्यक्ती यांच्यापुरती करा.

गावांची खरी मेख आपल्याकडेच आहे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचा पुढे जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे. मग १ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. आता शहाद्यातल्या लग्नाचा १९७५चा फोटो घ्या. आजोबा त्याला ‘धुळे’ टॅग लावतील, नातू ‘नंदुरबार’ लावेल, आणि दोघंही बरोबर. पण कोणी नंदुरबार जिल्ह्यातले जुने फोटो मागितले, तर आजोबांनी टॅग लावलेले त्यात येणारच नाहीत. शहादा कोणत्या सालापर्यंत कोणत्या जिल्ह्यात होतं, हे नातं एकदाच नोंदवून ठेवलं की फोटोवर नुसतं ‘शहादा’ आणि साल पुरतं. पुढचं यंत्र काढतं. ऑन्टॉलॉजीचा उपयोग होतो तो इथे. गावांसाठी विकिडेटा या खुल्या ऑनलाइन माहितीसाठ्यावरचे क्रमांक वापरा, नव्याने यादी करत बसू नका.

गाण्यांचं मात्र उलट आहे. लेक माहेरी आल्यावर झोक्यावर म्हणायचं गाणं असेल, तर लोक त्याला ‘आखाजी’, ‘गौराई’, ‘झोका’, ‘माहेर’ असं काहीही लावतील, आणि शोधणारेही तेच शब्द टाकतील. समिती बसवलीत, तर हे सणगीत की स्त्रीगीत यावरच पहिली बैठक संपेल आणि गाणं पेनड्राइव्हमध्येच राहील. (अशा बैठकांना मी बसलोय. चहा चांगला असतो.) पुण्याचा माणूस ‘अक्षय्य तृतीया’ शोधणार, म्हणून तो शब्द ‘आखाजी’ला पर्याय म्हणून जोडून टाका, पण मुख्य शब्द ‘आखाजी’च ठेवा. ‘कानबाई’ आणि ‘कानुबाई’ या एकाच देवीच्या दोन नावांचं तसंच. एवढ्यासाठी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००९ साली प्रमाण केलेली ‘स्कॉस’ ही शब्दसूची मांडायची पद्धत भरपूर आहे: मुख्य शब्द, पर्यायी शब्द, व्यापक शब्द, संबंधित शब्द. ‘आऊल’ या ऑन्टॉलॉजी लिहायच्या किचकट भाषेच्या वाटेला जाऊ नका.

बोलीवरून वाद होणारच. बहिणाबाईंच्या ओव्यांना कोणीतरी ‘अहिराणी’ टॅग लावेल आणि जाणकार लगेच म्हणतील, ही तर लेवा गणबोली. टॅग खोडू नका. त्या शब्दाने शोधणारे पुष्कळ आहेत. बोलीचा रकाना वेगळा ठेवा आणि तो फक्त संपादकाने भरावा. सगळं एकाच झाडाला टांगण्यापेक्षा प्रत्येक पैलू सुटा ठेवायचा, ही वाट ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३च्या कोलन वर्गीकरण या पुस्तकं लावायच्या पद्धतीत घालून दिली आहे, आणि तुमच्या कामाला ती फिट बसते.

आणखी एक, महिन्याकाठी नवे टॅग चाळून जुळे शब्द जोडणारा एक माणूस लागेल, घरात अहिराणी बोलणारा. त्याच्या मानधनाची सोय आधी बघा, सॉफ्टवेअरचं नंतर ठरवता येईल.