जुनी बीएमडब्ल्यू ३३०आय कमी वेगात अडखळते. एअर-मास सेन्सर बदलावा का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो. गाडी २००३ सालची ३३०आय, मॅन्युअल गिअरची, जर्मनीत वापरात असलेली. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये १,००० ते २,००० आरपीएमच्या दरम्यान अॅक्सिलरेटर जरासा दाबला की गाडी क्षणभर अडखळते आणि गचके खाते. २,५०० च्या पुढे मात्र ती नीट खेचते. चेक-इंजिनचा दिवा लागलेला नाही. स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बदलूनही फरक पडलेला नाही. इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एअर-मास सेन्सरचा विजेचा प्लग काढून गाडी चालवली तर ती बरी चालते, म्हणून सेन्सरच खराब आहे असे गॅरेजवाल्यांचे मत आहे. इंजिन गरम असताना दोन्ही बँकांचे (सिलिंडरांच्या दोन गटांचे) दीर्घकालीन फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या प्रमाणातली दुरुस्ती) आयडलिंगला +११ टक्क्यांच्या आसपास आणि ३,००० आरपीएमला +५ दिसते.

माझे उत्तर असे, की सेन्सर आत्ता विकत घेऊ नका. मी अनेक वर्षे पेट्रोल इंजिनांच्या कॅलिब्रेशनचे काम करतो, आणि तुम्ही दिलेले आकडे मला सेन्सरपेक्षा हवेच्या गळतीकडे बोट दाखवताना दिसतात. तीही बहुधा एका ठिकाणी नसून दोन ठिकाणी असावी.

ट्रिमचा अर्थ एवढाच, की मोजलेल्या हवेच्या हिशेबाने सोडलेले पेट्रोल कमी पडते आहे असे ऑक्सिजन सेन्सरने कळवले, म्हणून कंट्रोल युनिटने आपल्या मनाने तितके टक्के पेट्रोल वाढवले. ही वाढ पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन अशा दोन्ही गटांच्या सिलिंडरांत सारखीच असल्याने एखादा इंजेक्टर किंवा एकच ऑक्सिजन सेन्सर बिघडल्याची शक्यता मागे पडते आणि कारण सहाही सिलिंडरांना सामाईक असले पाहिजे, हे ठरते. राहता राहिला दिव्याचा प्रश्न. ट्रिम ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय बिघाडाचा कोड नोंदला जात नाही, त्यामुळे दिवा न लागणे म्हणजे सारे ठीक असणे नव्हे.

आता हा आकडा आरपीएमबरोबर कसा बदलतो ते पाहा, कारण खरी माहिती तिथेच आहे. थ्रॉटलच्या (हवेचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) पुढे, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या बाजूला गळती असेल, तर आयडलिंगला तिथला व्हॅक्यूम मोठा आणि इंजिन घेत असलेली एकूण हवा थोडी असते; अशा वेळी न मोजता आत शिरलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो आणि आरपीएम वाढले की तो आपोआप घटतो. सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या रबरी नळीला चीर असेल तर चित्र वेगळे दिसते. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचितच कमी असतो आणि प्रवाह वाढेल तसा तो आणखी उतरतो, त्यामुळे गळतीचे प्रमाण सगळीकडे साधारण सारखे राहते. तुमचे ट्रिम ११ वरून ५ वर उतरते, पण शून्यावर येत नाही. उतरणारा भाग पहिल्या प्रकारच्या गळतीचा आणि उरणारा भाग दुसऱ्या प्रकारचा, असा माझा अंदाज आहे. जुना, मळलेला एअर-मास सेन्सर बहुतेक वेळा याच्या उलट वागतो: जास्त भाराला तो हवा कमी मोजतो, म्हणजे ट्रिम वरच्या आरपीएमला चढते. पेट्रोलचा दाब कमी पडत असेल तरीही ते भाराबरोबर वाढते.

प्लग काढून पाहण्याच्या चाचणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिच्या भरवशावर पुष्कळ चांगले सेन्सर कचऱ्यात जातात. सेन्सरचा संकेत बंद झाला की कंट्रोल युनिट थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम यांवरून हवेचा अंदाज बांधते. सेन्सरनंतरच्या नळीतून शिरलेली हवाही शेवटी थ्रॉटलमधूनच जाते, म्हणून ती या अंदाजात आपसूक मोजली जाते आणि गाडी सुधारते. थोडक्यात, सेन्सर खराब असला तरी गाडी सुधारते आणि सेन्सर धडधाकट असून नळी फाटलेली असली तरीही सुधारते. या चाचणीने दोघांत निवाडा होत नाही.

म्हणून पहिली तपासणी त्या नळीची करा. एअर फिल्टरच्या डब्यामागे असलेली ही नळी दोन तुकड्यांची असते. तिच्यावर भात्यासारख्या घड्या असतात आणि त्यांच्या तळाशी, खालच्या बाजूला, रबर चिरते. वरून पाहिले तर ती नवी वाटावी इतकी ठीक दिसते. नळी काढून हातात घ्या, घड्या अंगठ्याने उलगडा आणि प्रकाशासमोर धरून फिरवा. इंजिनाच्या तेलाने आणि उष्णतेने रबर कडक झालेले असेल, तर घडीच्या खोबणीत बोटभर लांबीची चीर उघडलेली दिसेल. तुमचे गचके नेमके अॅक्सिलरेटर दाबण्याच्या क्षणी का बसतात, याचेही स्पष्टीकरण इथेच मिळते. टॉर्क आला की इंजिन आपल्या माउंटिंगवर कलते, नळी ताणली जाते, मिटलेली चीर उघडते आणि मोजमापात नसलेली हवा एकदम आत घुसते; दीर्घकालीन ट्रिम सावकाश शिकणारे असल्यामुळे त्या क्षणापुरते मिश्रण पातळ पडते. गाडी उभी असताना केलेल्या स्मोक टेस्टमध्ये (हवेच्या मार्गात धूर सोडून गळती शोधण्याच्या चाचणीत) ही चीर म्हणूनच निसटू शकते. धूर सोडलेला असताना नळी हाताने वाकवून आणि पिळून पाहा, असे मेकॅनिकला आवर्जून सांगा. गरम इंजिनावर ब्रेक क्लीनर फवारून गळती शोधण्याचा प्रकार मात्र करू नका. त्याने आग लागू शकते.

मॅनिफोल्डच्या बाजूला माझा पहिला संशय क्रँककेस व्हेंटिलेशनच्या (इंजिनाच्या तळातले वायू मॅनिफोल्डमध्ये परत नेणाऱ्या यंत्रणेच्या) झडपेवर आणि तिच्या नळ्यांवर आहे. हा सारा संच मॅनिफोल्डखाली दडलेला असतो, आणि थंड प्रदेशात, त्यातही जवळच्या फेऱ्यांसाठीच गाडी वापरली जात असेल तर, त्यात पाणी आणि तेल मिसळून पिवळसर साय जमते. कडक हिवाळ्यात ती गोठते. आयडलिंगला तेल भरण्याचे झाकण उचलून पाहा: ते हलकेसे ओढले जाणे योग्य आहे, पण झाकण घट्ट धरून ठेवल्यासारखे वाटत असेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर झडपेचा पडदा फाटलेला आहे असे धरून चाला. नळ्या इतक्या वर्षांनी ठिसूळ होतात आणि हात लागताच तुटतात, म्हणून झडप बदलताना त्या सगळ्या नव्या घाला. तेल परत नेणारी नळी डिपस्टिकच्या नळीला जोडलेली असते. ती वाटही साफ करून घ्या, कारण ती तुंबली तर तेल मॅनिफोल्डमध्ये ओढले जाऊ शकते आणि त्यातून इंजिनाचे मोठे नुकसान होते.

त्याच वेळी मॅनिफोल्डच्या कडेला दोन स्क्रूंवर बसलेले डिसा युनिटही (मॅनिफोल्डमधला हवेचा मार्ग फ्लॅपने बदलणारे) काढून बघा. त्याचे सील कडक झाले असेल तर तिथूनही हवा शिरते. आतला फ्लॅप खुळखुळत असेल तर गाडी चालवणे थांबवा आणि युनिट आधी बदला. त्याची पिन सुटून इंजिनात गेल्याची उदाहरणे आहेत.

पेट्रोलच्या बाजूची खात्रीही करून घ्या, पण तिच्यात फार वेळ घालवू नका. या इंजिनाला ३.५ बार दाब लागतो आणि रेग्युलेटर फिल्टरमध्येच बसवलेला असतो. फ्युएल रेलवर गेज लावून आयडलिंगला आणि इंजिन भाराखाली असताना दाब स्थिर राहतो का, एवढे पाहिले की पुरे. गाडी लिफ्टवर असेल तेव्हा गिअरबॉक्सच्या मागची प्रॉपेलर शाफ्टची रबरी कपलिंगही बघा. ती चिरलेली असेल तर पाय ठेवता-उचलताना बसणारा धक्का चालकाला इंजिनाच्या अडखळण्यासारखाच जाणवतो, आणि ट्रिमवर त्याचा काहीही परिणाम दिसत नाही.

गळती बंद केल्यावर जुनी अॅडॅप्टेशन (कंट्रोल युनिटने शिकून ठेवलेल्या दुरुस्त्या) डायग्नोस्टिक उपकरणाने पुसून टाका, नाहीतर कंट्रोल युनिट काही काळ जास्तीचे पेट्रोल सोडतच राहील. त्यानंतर शहरात आणि आउटोबानवर काही दिवस चालवून आकडे पुन्हा घ्या. दोन्ही बँका शून्याच्या आसपास, म्हणजे ±५ च्या आत स्थिरावल्या आणि गचके गेले, तर काम झाले. आकडे तिथे आले पण २,००० आरपीएमच्या खाली इंजिन अजूनही मरगळलेले वाटत असेल, तर व्हॅनोसची (कॅमशाफ्टचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेची) सील तपासायला घ्या. ती कडक झाली की कॅमशाफ्टचा कोन वेळेवर बदलत नाही आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क जातो, पण ट्रिम जवळजवळ जागचे हलत नाही. म्हणूनच ते काम मी या क्रमात शेवटी ठेवले आहे.