दूरच्या सर्व्हरवरचा बॅकअप एजंट अनइन्स्टॉल होत नाही, फोल्डर उडवला तर चालेल का?

नाही चालणार. मी तो उद्योग करून बसलोय, म्हणून सांगतो.

तुमची अडचण मला समजली ती अशी: तुम्ही चिपळूणला, सर्व्हर गुहागरच्या शाखेत. जुना बॅकअप सर्व्हर भंगारात गेला, पण त्याचा एजंट (बॅकअपसाठी सर्व्हरवर बसवलेला छोटा प्रोग्राम) गुहागरच्या विंडोज सर्व्हरवर अजून ठाण मांडून आहे. काढायला गेलं की १६१२ नंबरची एरर येते.

मी कणकवलीत बसून देवगडच्या एका आंबा कॅनिंगवाल्यांचा सर्व्हर बघायचो. असाच हट्टी एजंट होता. सर्व्हिस थांबवली, फोल्डर आणि ड्रायव्हरची फाइल डिलीट केली, रीस्टार्ट दिला. दहा मिनिटांनी तिथल्या शिपायाचा फोन: "दादानू, ह्या सगळा निळा झाला हा, आता काय करूचा?" ऐन आषाढात एसटी पकडून नांदगाव तिठ्यावरून देवगड गाठलं.

झालं होतं ते असं. काही बॅकअप एजंट डिस्कवर कुठला भाग बदलला याची नोंद ठेवायला एक फिल्टर ड्रायव्हर बसवतात. त्याचं नाव रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) डिस्क किंवा व्हॉल्यूमच्या क्लासखाली 'अपरफिल्टर्स'मध्ये लिहिलेलं असतं. फाइल गेली आणि नाव राहिलं की विंडोजला स्वतःची डिस्कच उघडता येत नाही, 'स्टॉप ७बी' या कोडची निळी स्क्रीन येते. शेवटी रिकव्हरीतून सिस्टीम हाइव्ह (रजिस्ट्रीची फाइल) लोड करून ते एक नाव काढलं. (तिथे 'करंटकंट्रोलसेट' दिसत नाही, 'कंट्रोलसेट००१' असतं. त्यात माझा अर्धा तास गेला.) काढायचं फक्त एजंटच्या ड्रायव्हरचं नाव. विंडोजची स्वतःची नावंही त्याच यादीत असतात, ती पुसलीत तर पुन्हा तेच.

आता तुमची १६१२. तिचा अर्थ, विंडोजला मूळ इन्स्टॉलर सापडत नाही. सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत 'इन्स्टॉलर' नावाचा लपवलेला फोल्डर असतो, त्यात प्रत्येक एमएसआयची (इन्स्टॉलर फाइलची) प्रत राहते. जागा करायला कोणीतरी तो झाडून काढला असणार. तेव्हा एजंटच्या अगदी त्याच आवृत्तीची, त्याच नावाची एमएसआय फाइल मिळवा आणि सर्व्हरच्याच सी ड्राइव्हवर टाका. दुसऱ्या मशीनवरच्या नेटवर्क शेअरवरून चालवू नका. पॉवरशेलच्या रिमोट सेशनमधून तिसऱ्या मशीनपर्यंत तुमचा पासवर्ड पोचत नाही, नुसतं 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येत राहतं. आधी एमएसआयएक्झेक या विंडोजच्या कमांडला स्लॅश एफव्ही आणि ती एमएसआय देऊन प्रत परत बसवा, मग काढण्यासाठी स्लॅश एक्स आणि प्रॉडक्ट कोड (त्या प्रोग्रामचा ओळख क्रमांक). सोबत क्यूएन (काही न विचारता चालण्यासाठी), नोरीस्टार्ट आणि लॉगची फाइल द्याच.

प्रॉडक्ट कोड रजिस्ट्रीच्या 'अनइन्स्टॉल' कीखाली मिळेल, ३२ बिटवाला असेल तर वाव६४३२नोडमध्ये. 'विन३२ प्रॉडक्ट' ही विंडोजची क्वेरी वापरून शोधू नका, बऱ्याच ठिकाणी तोच सल्ला देतात. ती क्वेरी प्रत्येक एमएसआय तपासत, जमेल तिथे दुरुस्त करत सुटते, आणि तुमच्याकडे तर इन्स्टॉलरचा फोल्डरच झाडलेला आहे.

आणखी एक, आपल्याकडचं. पाऊस लागला की नेट कधी तुटेल सांगता येत नाही, आणि अर्धवट निघालेला एजंट पूर्ण एजंटपेक्षा जास्त छळतो. म्हणून ही कमांड सेशनमध्ये बसून चालवू नका. सर्व्हरच्याच टास्क शेड्युलरमध्ये सिस्टीम खात्याने लावा. नेट गेलं तरी काम पुरं होईल, तुम्ही नंतर सावकाश लॉग वाचा. शेवटी आलेला कोड ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजेही झालं, फक्त रीस्टार्ट हवा. १६१८ आला तर दुसरं काहीतरी इन्स्टॉल होतंय, थांबा.

रीस्टार्टच्या आधी 'अपरफिल्टर्स' उघडून एजंटचं नाव खरंच गेलंय ना ते बघा. सिस्टीम स्टेटचा एक बॅकअप विंडोजच्याच बॅकअपने घेऊन ठेवा. फायरवॉलचा उरलेला नियम वगैरे नंतर काढलात तरी चालेल.

रीस्टार्ट दिवसाच द्या, शाखा उघडी असताना. आणि सर्व्हरला आयड्रॅक किंवा आयएलओ (विंडोज बंद पडलं तरी दुरून स्क्रीन दाखवणारी सर्व्हरमधलीच सोय) असेल तर त्याचा पासवर्ड आजच शोधून ठेवा, कारण स्क्रीन निळी होते नेमकी तेव्हाच शाखेतला माणूस चहाला गेलेला असतो.