छोट्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर?

तुम्ही विचारलंय की आईला गोव्यातल्या मोपा विमानतळावरून पंख्याच्या छोट्या विमानानं पाठवायचंय, पण शेजारचे म्हणतात असल्या विमानाचं इंजिन गेलं की ते सरळ खाली येतं, तर पाठवावं का? माझी नोकरी विमानांच्या इंजिनांच्या देखभालीतच झाली, आता वास्कोला घरी असतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

शेजाऱ्यांना म्हणावं, विमानाला उचलून धरतात ते पंख. इंजिन गेलं तर वैमानिक नाक थोडं खाली करतो आणि मुदतठेव मोडून घरखर्च चालवावा तशी उंची मोडून वेग टिकवतो. चार सीटांचं सेसना १७२ घ्या. ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेग सांभाळला तर ते एक किलोमीटर उंचीत साधारण नऊ किलोमीटर तरंगत जातं. पणजीवर ३००० फुटांवर इंजिन गेलं तर हातात आठेक किलोमीटर. दाबोळी विमानतळाची धावपट्टी त्याहून लांब आहे, तिकडे वळलात तर झुआरीच्या पाण्यात उतराल. म्हणून धावपट्टीचा मोह सोडून ताळगाव-मेरशीकडचं शेत बघायचं. (उरलंय तेवढं. दरवर्षी तिथे नवी इमारत उभी दिसते.)

शेत निवडणं सोपं नसतं. पावसाळ्यात भाताच्या चिखलात चाकं रुततात आणि विमान नाकावर उलटतं; कापणीनंतरची कडक जमीन बरी. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, बांधाला आडवं उतरायचं नाही, बांधाला समांतर उतरायचं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात, म्हणून खांब शोधायचे. दुपारी वारा समुद्राकडून येतो, तेव्हा तोंड पश्चिमेला. वाऱ्यासमोर उतरलं की जमिनीवरचा वेग कमी होतो, आणि धक्का वेगाच्या वर्गाच्या हिशेबानं वाढतो: ताशी ८० ऐवजी ११० नं टेकलात तर जवळजवळ दुप्पट.

समुद्रकिनारा का नको, असं बरेच जण विचारतात. २०१७ साली पोर्तुगालमध्ये एक सेसना गर्दीच्या किनाऱ्यावर उतरवलं. आतले वाचले, वाळूतली दोन माणसं गेली. डिसेंबरातला कळंगुट डोळ्यांसमोर आणा.

माणसं मरतात ती बहुतेक वेग घालवल्यामुळे. उड्डाण होताच इंजिन गेलं आणि वैमानिक धावपट्टीकडे परत वळायला गेला की वळणात वेग पडतो, पंख हवा सोडतात, आणि मग मात्र शेजारी म्हणतात तसंच होतं. उंची कमी असेल तर समोर जे असेल त्यातच उतरायचं, हे पहिल्या दिवसापासून घोकून घेतात.

आता आईचं विमान. मोपाहून उडणाऱ्या एटीआर ७२ ला दोन टर्बोप्रॉप, म्हणजे जेटसारखी पण पंखा फिरवणारी, इंजिनं असतात. एक गेलं तरी दुसऱ्यावर ते उड्डाण पुरं करतं, चढतं आणि उतरतं. त्याशिवाय उडायची परवानगीच मिळत नाही. बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याकडे धार करून वळतात, म्हणजे ती हवा अडवत नाहीत. पण दोन इंजिनं म्हणजे निर्धास्त, असंही मी म्हणणार नाही. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत अशाच एटीआरचं उजवं इंजिन गेलं आणि वैमानिकानं गडबडीत चालू असलेलं डावं बंद केलं. ५८ पैकी ४३ जण गेले. त्याआधी ऑगस्ट २००५ मध्ये इटलीजवळ एका एटीआर ७२ ला लहान एटीआर ४२ चा इंधनमापक बसवला होता. काटा इंधन दाखवत राहिला आणि टाक्या कोरड्या. विमान समुद्रात उतरवलं, ३९ पैकी १६ गेले. त्यामुळे मी इंजिनाइतकीच इंजिनाला हात लावणाऱ्यांची चौकशी करतो.

आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो. छोट्या पेट्रोल विमानांत सकाळी उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक कपात काढून उजेडात धरतात. निळसर पेट्रोलखाली पाणी असेल तर त्याचा बिनरंगी थेंब तळाशी गोळा होऊन हलतो. गोव्याच्या दमट हवेत हे टाळणं म्हणजे आ बैल मुझे मार. असल्याच हवेत, बाहेर २५ अंश असतानाही, कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं. एटीआरला कार्ब्युरेटर नसतो, तो प्रश्न तिथे मिटला.

दोन्ही इंजिनं गेली तरी सगळं संपतंच असं नाही. मे २०१६ मध्ये पाटण्याहून दिल्लीला रुग्ण नेणारं किंग एअर नावाचं दोन इंजिनांचं छोटं विमान नजफगढजवळ शेतात उतरलं. सातही जण वाचले.

तेव्हा आईला खुशाल पाठवा. पट्टा कमरेच्या खाली, मांड्यांशी घट्ट बांधायला सांगा, उड्डाण-उतरणीला चपला पायात असू देत, आणि लाइफ जॅकेट घालायची वेळ आलीच तर ते विमानाच्या आत फुगवायचं नाही. फुगलेलं जॅकेट पाणी भरताना छताला अडकवतं. जागा मागच्या रांगेत घ्या. एटीआरचा प्रवाशांचा दरवाजा मागेच असतो आणि पंख्याचा आवाजही तिथे कमी.