व्हॅनकाकांना सांगितलं की झालं का?

प्रश्न: मुलगा सातवीत, कळव्यातल्या अनुदानित मराठी शाळेत आहे. जुलैत त्याला डेंग्यू झाला. नऊ दिवस शाळा बुडाली, तसं बाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं. मग अशक्तपणा म्हणून चार दिवस आजोळी जुन्नरला धाडला, ते फक्त व्हॅनकाकांच्या कानावर घातलं. आता डायरीत शेरा आलाय : 'हजेरी 50 टक्के. 75 टक्के न भरल्यास वरच्या वर्गात घेणार नाही.' असं करता येतं?
– एक आई, कळवा

उत्तर: नाही येत. 75 टक्क्यांची अट दहावी-बारावीला, बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठी. सातवीला 2009चा शिक्षण हक्क कायदा लागू. 2019च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत मूल मागे ठेवण्याची मुभा आहे, तीही फेरपरीक्षेत नापास झालं तरच. सातवी त्यात येतच नाही. हजेरी कमी म्हणून नाव काढून टाकणं तर दूरच.

शिवाय बाईंनी हिशेब एकट्या जुलैचा मांडलाय. सहावी ते आठवीला वर्षाचे किमान 220 दिवस धरतात. त्यातले 13 गेले तरी हजेरी 94 टक्के उरते. धमकी पोकळ आहे. असले शेरे मीही लिहिलेत, 31 वर्षं वर्गाच्या हजेरीचा कॅटलॉग सांभाळताना, म्हणून सांगते.

पण त्या चार दिवसांबाबत मी तुमच्या बाजूने नाही. व्हॅनकाका म्हणजे शाळा नव्हे. ठाण्यात नौपाड्याच्या शाळेत असताना माझ्या वर्गातला एक मुलगा दोन दिवस गैरहजर. मला वाटलं ताप असेल. आईला वाटलं शाळेत असेल, कारण डबा रोज रिकामा घरी येत होता. तिसऱ्या दिवशी आमच्या शिपाईदादांना तो तलावपाळीच्या कठड्यावर बसलेला दिसला, डब्यातली पोळी माशांना टाकत होता. गणिताच्या सरांना घाबरून यायचाच नाही! दोन दिवस तो ना घरी होता, ना शाळेत, आणि मी 'गै' लिहून मोकळी झाले होते. तेव्हापासून दहा वाजेपर्यंत निरोप नसला की मी घरी फोन लावायची. तुमच्या शाळेनेही चार दिवसांत एक फोन करायला हवा होता, हे त्यांना जरूर ऐकवा.

आता एक साधा अर्ज लिहा. नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक आणि तारखा. नऊ दिवसांना डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि प्लेटलेट्सच्या रिपोर्टची झेरॉक्स जोडा. चार दिवसांचं कारण जसं आहे तसं लिहा, डॉक्टरांकडून जादा तारखा मागू नका. मुख्याध्यापकांच्या नावे ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. डायरीतला शेरा खोडायला लावू नका. त्याच्याखाली 'अर्ज दिला' आणि तारीख लिहून सही ठोका.