मदतनीस पाळक नेमण्याआधी

प्रश्न : ताई, सलाम. आमची मंडळी, म्हणजे चर्च, मध्य मुंबईत, जुनी. नोंदवहीत 180 कुटुंबं, पण निम्म्याहून अधिक आता डोंबिवली, बदलापूर, मीरा रोडला राहतात. पाळकसाहेब (पास्टर) एकटेच, फार थकलेत. तरुणांसाठी मदतनीस पाळक नेमला की मंडळी वाढेल, असं कमिटीत चाललंय. पैसे जेमतेम. परवाच कळलं, बदलापूरच्या एक आजी दोन महिने अंथरुणाला खिळून आहेत. काय करावं? – कमिटीचा एक सभासद

उत्तर : बंधू, सलाम. भायखळ्याला मी 11 वर्षं मंडळीची सेक्रेटरी होते. आम्हीही असाच ठराव करून एक चांगला, प्रार्थनाशील तरुण आणला. 14 महिन्यांत तो गेला. दोष त्याचा नव्हता. आम्ही पगार दिला, घर दिलं नाही. तो विरारहून यायचा. पाळकसाहेब सांगायचे भेटी घे, खजिनदार सांगायचे पावत्या लिही, तरुण संघाला तो गिटार वाजवायला हवा असायचा. त्यानं नक्की कुणाला विचारून काम करायचं, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. आजही त्याचा चेहरा आठवला की मला अपराधी वाटतं.

तो गेल्यावर आम्ही पाळकसाहेबांना महिनाभर रोजच्या कामाची डायरी लिहायला सांगितली. दाखले, भाडेकरूंची पत्रं, लाइट बिलं, ऑडिटचे कागद यांतच त्यांचे आठवड्याचे तीन दिवस जात होते. ट्रस्टचे हिशेब दरवर्षी तपासून घ्यावेच लागतात, पण ते पाळकानं का करावं? जेमतेम पैशांत तुम्ही पहिला माणूस नेमा तो अर्धवेळ कारकून. शिवाय मंडळी डायसिसची, म्हणजे बिशपच्या धर्मप्रांतातली असेल तर पाळकाची नेमणूक बिशपसाहेबांच्या हातात. त्याला वेळ लागेल.

आता आजी. तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण मला तुमच्या पत्रातलं तेच सगळ्यात मोठं वाटलं. बायबलमधल्या निर्गमच्या 18व्या अध्यायात इथ्रो जावयाला, म्हणजे मोशेला सांगतो : हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेम, नाहीतर तू झिजून जाशील. आपल्याकडे हजारांवरचे नायक व्हायला सगळे तयार असतात, दहांवर कुणी नसतं. तुमचे दहा स्टेशनवार पाडा. कल्याण-बदलापूरचा एक गट, मीरा रोड-वसईचा दुसरा. दर दहा घरांमागे एक जोडपं, आणि त्यांचं काम एवढंच : आजारी कोण, नोकरी कुणाची गेली, हे पाळकसाहेबांना त्याच आठवड्यात कळवायचं. प्रेषितांच्या कृत्यांच्या 6व्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीत विधवांची आबाळ होते म्हणून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी ती दाबली नाही. सात माणसं निवडायला लावली. शिष्यांची संख्या फार वाढली, हे त्याच अध्यायात पुढे येतं.

तरुणांनाही कार्यक्रमांपेक्षा काम द्या. आमच्या हिशेबाच्या वह्या बँकेतल्या 24 वर्षांच्या मुलीकडे दिल्या, तेव्हापासून तिचा भाऊही उपासनेला यायला लागला.

पुढे मदतनीस आणालच, तेव्हा आधी राहायची सोय करा, जबाबदारी लेखी द्या, आणि सुट्टीच्या सोमवारी त्याला फोन करू नका.

आणि आजींकडे याच आठवड्यात जा. रविवारी मेगाब्लॉक असतो, शनिवारी दुपारीच निघा. पाळकसाहेबांना सोबत घ्या, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घरी देता येईल.